शाळेचं वेळापत्रक एक्सेलवर : आधी दिवस मोजा, मग तासिका वाटा

जून उजाडला की तालुक्यातल्या बहुतेक हायस्कूलमध्ये एक काम ठरलेलं असतं. कुणी तरी ज्येष्ठ सर ड्रॉइंगचा मोठा कागद, पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसतात. चार-पाच दिवस आखणी आणि खाडाखोड चालते, मग एकदाचं वेळापत्रक स्टाफरूमच्या भिंतीवर चिकटतं. पुढं पंधरा दिवसांत कुणाची बदली होते, कुणी प्रशिक्षणाला जातं, आणि तोच कागद पुन्हा खाली उतरतो.

आता बऱ्याच शाळांच्या ऑफिसात संगणक आहे आणि वेळापत्रक एक्सेलमध्ये होतं. पण कसं होतं? तोच ड्रॉइंगचा कागद पडद्यावर आखला जातो. रंग भरलेले चौकोन, एकत्र जोडलेले रकाने आणि प्रत्येक चौकोनात हातानं टाईप केलेलं ‘गणित – पाटील सर’. दिसायला छान, पण त्यातून हिशेब काहीच निघत नाही. पाटील सर सोमवारी तिसऱ्या तासाला आठवी आणि दहावी दोन्हीकडे लिहिले गेलेत, हे पडदा सांगत नाही. ते कळतं सोमवारी तिसऱ्या तासाला, दहावीच्या वर्गात गोंधळ सुरू झाल्यावर.

एक्सेल, गुगल शीट्स किंवा फुकट मिळणारं लिबरऑफिस कॅल्क, तिन्हींत हे काम नीट होतं. फक्त मांडणी बदलावी लागते. ती कशी, ते इथं एका उदाहरणावर पाहू. पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, असं साधं खेड्यातलं हायस्कूल धरू.

(‘तास’ या शब्दानं आपल्याकडे फार घोळ होतो. घड्याळाचाही तास आणि शिकवण्याचाही तास. म्हणून इथून पुढं वर्गातल्या तासाला तासिका म्हणू.)

आधी दिवसांचा हिशेब

तासिका वाटायच्या आधी वर्षात शाळा किती दिवस भरणार ते काढा. बहुतेक ठिकाणी ही पायरी गाळली जाते, आणि खरं दुखणं तिथंच असतं.

समजा शाळा १५ जून २०२६ ला सुरू झाली आणि ३० एप्रिल २०२७ पर्यंत चालली. विदर्भात शाळा उशिरा भरतात, त्यांनी आपली तारीख धरावी. १५ जूनला सोमवार आहे, ३० एप्रिलला शुक्रवार. मधले एकूण दिवस ३२०. त्यात ४५ रविवार. उरले २७५. यातून दिवाळीची सुट्टी, सणवार, स्थानिक सुट्ट्या, मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या वजा करायच्या. अशा ४५ सुट्ट्या गेल्या तर २३० दिवस हातात राहतात.

हे कॅलेंडर बघत बोटांवर मोजायची गरज नाही. ‘नेटवर्कडेज इंटल’ नावाचं एक सूत्र तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला चार गोष्टी द्यायच्या: सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, साप्ताहिक सुट्टीचा आकडा आणि सुट्ट्यांची यादी. साप्ताहिक सुट्टीसाठी ११ हा आकडा टाकला की ते फक्त रविवार वगळतं. १ टाकला तर शनिवार-रविवार दोन्ही जातात, आणि आपल्या शाळांचा हिशेब चुकतो. सुट्ट्यांची यादी अजून भरलेली नसेल तर उत्तर २७५ यायला हवं. तसं आलं तर सूत्र बरोबर बसलं.

आता यात अडकलेली गोष्ट बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० घड्याळी तास अध्यापन व्हायला हवं. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. शाळा २२० दिवस भरली की आपण सुटलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण आपल्या उदाहरणातल्या शाळेत सोमवार ते शुक्रवार ३५ मिनिटांच्या ८ तासिका आणि शनिवारी सकाळच्या शाळेत ५ तासिका आहेत. आठवड्याला ४५ तासिका झाल्या, म्हणजे १५७५ मिनिटं, म्हणजे २६ तास १५ मिनिटं. सहा दिवसांत भागलं तर दिवसाला सरासरी ४ तास साडेबावीस मिनिटं. याला २२० नं गुणलं की येतात ९६२ तास ३० मिनिटं. हजाराला साडेसदतीस तास कमी!

दिवस पुरे आणि तास अपुरे. हजार तास भरायला या शाळेला २२९ दिवस लागतात. म्हणजे २३० दिवस शाळा भरली तर जेमतेम एक दिवस शिल्लक. मग पावसानं ओढ्याला पूर आला, रस्ता बंद झाला आणि दोन दिवस शाळा भरली नाही, तर तो खड्डा भरून कसा काढायचा हे जूनमध्येच ठरवलेलं बरं. तासिका ४० मिनिटांची करायची, की दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस कमी करायचे, हा निर्णय मार्चमध्ये घेऊन उपयोग नाही.

चार पानं, चार याद्या

एका फाईलमध्ये चार पानं करा, म्हणजे खाली दिसणाऱ्या चार शीट. पहिल्या पानावर सुट्ट्या, दुसऱ्यावर शिक्षक, तिसऱ्यावर वर्ग-विषय, चौथ्यावर तासिका.

सुट्ट्यांच्या पानावर दोनच रकाने पुरतात, तारीख आणि कारण. रविवारी येणारा सण लिहिला तरी बिघडत नाही, सूत्र तो दिवस दोनदा वजा करत नाही. दिवाळीची सुट्टी मात्र ‘अमुक ते तमुक’ अशी एका ओळीत लिहू नका, प्रत्येक दिवसाला स्वतंत्र ओळ द्या. चंद्रदर्शनावर अवलंबून असणाऱ्या ईदची तारीख एक दिवस मागं-पुढं झाली किंवा गावच्या जत्रेची स्थानिक सुट्टी नंतर जाहीर झाली, तर या एका पानावर दुरुस्ती करायची. बाकी सगळं आपोआप बदलतं.

शिक्षकांच्या पानावर नाव, विषय आणि आठवड्याचा कार्यभार. वर्ग-विषयाच्या पानावर कुठल्या वर्गाला कुठल्या विषयाच्या आठवड्याला किती तासिका. विषयनिहाय तासिकांचे आकडे परिपत्रकात असतात, तेच घ्या, मनानं टाकू नका. प्रत्येक वर्गाची बेरीज ४५ आली पाहिजे. सहा वर्गांच्या मिळून २७० तासिका होतात.

इथंच एक साधा भागाकार करून बघा. मुख्याध्यापकांकडे १० तासिका दिल्या तर २६० उरल्या. नऊ शिक्षक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २९. एक पद रिकामं असेल तर आठ जणांत वाटणी, म्हणजे ३२ ते ३३. आठवड्यातल्या ४५ पैकी १२ तासिका मोकळ्या, त्यातच टाचण, वह्या तपासणं, ऑनलाईन माहिती भरणं आणि रजेवरच्या माणसाचे वर्ग सांभाळणं. संस्थेकडे किंवा शिक्षण विभागाकडे पद मागताना ‘आम्हाला फार ताण पडतो’ असं लिहिण्यापेक्षा हा आकडा जोडलेला बरा.

चौथं पान म्हणजे तासिकांची यादी. इथं चौकोन आखायचे नाहीत. एक तासिका, एक ओळ. रकाने पाचच: वर्ग, वार, तासिका क्रमांक, विषय, शिक्षक. एकूण २७० ओळी. सुरुवातीला ही यादी बघून कुणालाही वाटेल, हे काय नाव-गाव-फळ-फूल! भिंतीवरचं वेळापत्रक असं दिसत नाही. पण हिशेब याच मांडणीतून होतो. शिक्षक आणि विषयाच्या रकान्यांना ‘डेटा व्हॅलिडेशन’ लावा, म्हणजे टाईप न करता यादीतून निवडता येतं. नाही तर एके ठिकाणी ‘शिंदे मॅडम’, दुसरीकडे ‘शिंदे मॅ.’ आणि तिसरीकडे ‘सौ. शिंदे’ होतं, आणि संगणकाच्या लेखी त्या तीन वेगळ्या बाई होतात.

टक्कर कशी पकडायची

सहाव्या रकान्यात ‘काउंटइफ्स’ हे सूत्र लावा. त्याला विचारायचं एवढंच: हाच वार, हीच तासिका आणि हेच शिक्षक, अशा ओळी संपूर्ण यादीत किती? उत्तर १ आलं तर ठीक. २ आलं तर एकाच वेळी त्या शिक्षकांना दोन वर्गांवर टाकलंय. सातव्या रकान्यात तेच सूत्र शिक्षकाऐवजी वर्ग घालून लावा, म्हणजे एका वर्गात एकाच वेळी दोन विषय पडले तर कळतं. ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’नं एकपेक्षा मोठा आकडा लाल करा. यादी भरता भरता लाल दिसलं की तिथल्या तिथं बदल करायचा.

हीच युक्ती शिक्षकांपुरती नाही. शाळेला एकच मैदान असेल तर शारीरिक शिक्षणाच्या तासिकांवर, एकच प्रयोगशाळा असेल तर प्रयोगाच्या तासिकांवर तीच चाचणी लावता येते. चित्रकलेचे किंवा पीटीचे सर आठवड्यातले तीन दिवस संस्थेच्या दुसऱ्या शाळेत जात असतील, तर ते तीन दिवस त्यांच्या नावावर ‘बाहेर’ अशा ओळी आधीच भरून ठेवा. मग त्या दिवशी त्यांना चुकून तासिका दिली की लाल दिसणारच. अर्थात बाहेरच्या या ओळी वर्गांच्या बेरजेत धरायच्या नाहीत.

काही गोष्टी सूत्राला कळत नाहीत. पहिल्या एसटीनं येणारी वाडीवरची पोरं परिपाठ संपता संपता पोचतात, त्यामुळे पहिल्या तासिकेला रोज एकच अवघड विषय नको. मधल्या सुट्टीत जेवण झाल्यावर लगेच गणित ठेवलं की काय होतं, ते शिकवणाऱ्याला ठाऊक असतं. हे डोकं ज्येष्ठ सरांचंच लागतं. संगणकाकडे फक्त टक्कर बघायचं काम द्यावं.

यादीतून भिंतीवरचा तक्ता

आता भिंतीवर लावायचा चौकोनी तक्ता. तो हातानं करायचा नाही, यादीतून ओढायचा. त्यासाठी यादीच्या सगळ्यात डाव्या बाजूला एक मदतीचा रकाना घ्या. वर्ग, वार आणि तासिका क्रमांक तिथं एकमेकांना जोडा. म्हणजे आठवी, मंगळवार, तिसरी तासिका याची एक खूण तयार होते: ‘८-मंगळ-३’. नव्या पानावर आडवे वार, उभ्या तासिका असा तक्ता आखा आणि प्रत्येक चौकोनात ‘व्ही-लुकअप’नं ती खूण शोधून विषय आणा. सूत्रातला शेवटचा भाग शून्य ठेवायला विसरू नका. तो रिकामा सोडला तर संगणक तंतोतंत जुळणी न बघता जवळपासचं काहीतरी उचलतो आणि तक्त्यात भलताच विषय येतो.

नव्या एक्सेलमध्ये यासाठी ‘एक्स-लुकअप’ आहे, तो सोपाही आहे. पण शाळेतल्या संगणकावर २०१६ चं किंवा त्याआधीचं एक्सेल असेल तर ते सूत्र चालणार नाही. म्हणून जुनाच मार्ग सांगितला.

तक्त्याच्या वरच्या एका चौकोनात वर्गाचं नाव बदललं की तोच तक्ता आठवीचा नववीचा होतो. अशीच खूण शिक्षकाच्या नावानं केली तर प्रत्येक शिक्षकाचा स्वतंत्र तक्ता निघतो.

मराठीत टाईप करताना

इथं आपल्याकडे फार जणांचा वेळ जातो, म्हणून थोडं थांबून सांगतो. ऑफिसात जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट असतील, ज्यांत अक्षरं दिसतात मराठी पण आत साठतात इंग्रजी, तर ते या फाईलसाठी वापरू नका. एकानं जुन्या फॉन्टमध्ये आणि दुसऱ्यानं युनिकोडमध्ये ‘गणित’ लिहिलं तर दिसायला सारखंच, पण सूत्राला ते वेगळं वाटतं. सगळ्यांनी युनिकोडच वापरायचं. मोबाईलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच असतं.

आकडे आणि तारखा मात्र इंग्रजी अंकांत टाका. मराठी अंकांत लिहिलेली तारीख बहुतेक वेळा नुसता मजकूर म्हणून साठते. ओळखायची खूण सोपी आहे: काही न करता तारीख चौकोनाच्या उजव्या कडेला चिकटली तर ती खरी तारीख, डावीकडे राहिली तर मजकूर.

याहून वाईट दुसरा प्रकार. संगणकाची किंवा गुगल शीट्सची सेटिंग अमेरिकेची असेल तर आधी महिना आणि मग दिवस वाचला जातो. १५/०६ टाकलं तर पंधरावा महिना नसतो, म्हणून ते मजकूर होतं आणि निदान लक्षात तरी येतं. पण ०५/०७ टाकलं तर ५ जुलैऐवजी गुपचूप ७ मे धरला जातो. तक्रार नाही, लाल रंग नाही. गुगल शीट्समध्ये फाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन देश भारत निवडा, आणि तारीख दाखवताना महिन्याचं नाव अक्षरी दिसेल असं ठेवा.

तारखांचं कॅलेंडर आणि बुडालेल्या तासिका

वेळापत्रक हा आठवड्याचा साचा असतो. वर्षाचं नियोजन करायला तो साचा खऱ्या तारखांवर बसवावा लागतो. पाचव्या पानावर १५ जूनपासून ३० एप्रिलपर्यंत ३२० तारखा खाली ओढा. शेजारी वार आणा, त्याच्या शेजारी सुट्ट्यांच्या पानात ती तारीख आहे का ते ‘काउंटइफ’नं तपासा. झालं शाळेचं कॅलेंडर.

आता विषयवार हिशेब काढता येतो. आठवड्याला दोनच तासिका असणारा विषय कुठल्या वारांना ठेवलाय, यावर त्याला वर्षात किती तासिका मिळणार ते ठरतं. या वर्षी २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर दोन्ही शुक्रवारी आहेत, १५ ऑगस्ट शनिवारी. सुट्ट्या सगळ्या वारांवर सारख्या पडत नाहीत. नेटवर्कडेज इंटलमध्येच याची सोय आहे. साप्ताहिक सुट्टीच्या आकड्याऐवजी अवतरणचिन्हांत सात अंकांची ओळ द्यायची, सोमवारपासून सुरू, ० म्हणजे शाळा आणि १ म्हणजे सुट्टी. ‘११११०११’ असं इंग्रजी अंकांत टाकलं की सुट्ट्या वजा जाऊन वर्षातले फक्त शुक्रवार मोजले जातात. सहा वारांचे सहा आकडे काढून ठेवा आणि कमी तासिकांचे विषय कमी मोडणाऱ्या वारांना द्या.

मग येतं सहावं पान, ‘बुडालेल्या तासिका’. वर्षभरात सहा वर्गांच्या मिळून दहा हजारांवर तासिका होतात. प्रत्येकीची नोंद करायला गेलात तर आठ दिवसांत कंटाळा येऊन फाईल बंद पडेल. फक्त बुडालेली तासिका लिहा: तारीख, वर्ग, विषय, कारण, आणि त्या जागी कोण गेलं. रजा, प्रशिक्षण, बीएलओचं काम, स्पर्धा, जे असेल ते.

कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामं देता येतात, बाकी अशैक्षणिक कामं नाहीत. यंदा हे महत्त्वाचं आहे, कारण जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झालेली आहे. म्हणजे माणसं मोजायचं काम फेब्रुवारीत, दहावीच्या तोंडावर. समजा गणिताच्या सरांचे निवडणूक, प्रशिक्षण आणि जनगणना मिळून १५ दिवस गेले आणि किरकोळ रजा ६ झाल्या. आठवड्याला ७ तासिका असतील तर साधारण २४ तासिका गेल्या. जवळपास साडेतीन आठवड्यांचं गणित! ऑफ तासाला मुलं खूश असतात, आणि घरी जाऊन कुणी सांगत नाही. पालकांना कळतं ते निकालात. हे पान भरलेलं असेल तर नोव्हेंबरमध्येच दिसतं की दहावीचं गणित १४ तासिका मागे आहे, आणि त्या कुठं भरून काढायच्या यावर शाळा व्यवस्थापन समितीत बोलता येतं.

दोन शिक्षकी शाळेचं काय?

जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या दोन शिक्षकी शाळेत वरची टक्कर चाचणी जशीच्या तशी लावली तर सगळीच यादी लाल होईल, कारण एकेका गुरुजींकडे दोन वर्ग एकाच वेळी असतात. तिथं एक रकाना वाढवा: ‘थेट’ किंवा ‘स्वयंअध्ययन’. काउंटइफ्समध्ये फक्त ‘थेट’ ओळी मोजा. गुरुजी तिसरीला थेट शिकवत असताना चौथी स्वयंअध्ययनाला, असं बसलं की झालं. आणि मग हेही मोजता येतं की चौथीला आठवड्यात भाषेचं थेट अध्यापन किती मिळालं. बहुवर्गात एका इयत्तेवर नकळत अन्याय होतो, तो या रकान्यात दिसतो.

डेटाबेस कधी घ्यायचा

ॲक्सेस किंवा लिबरऑफिस बेससारख्या डेटाबेसमध्येही हेच सगळं करता येतं. फरक एवढाच की एक्सेल टक्कर झाल्यावर लाल दाखवतं, तर डेटाबेसमध्ये ‘वार, तासिका, शिक्षक हे त्रिकूट पुन्हा येणार नाही’ असा नियम लावला की टक्कर असलेली ओळ आत घेतलीच जात नाही. ज्युनिअर कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस किंवा दहा-बारा शाळांची संस्था असेल तर त्याचा विचार करावा. सहा वर्गांच्या शाळेला माझ्या मते त्याची गरज नाही. एक माणूस डेटाबेस शिकतो, त्याची बदली होते आणि मागं कुणाला फाईल उघडता येत नाही. एक्सेल निदान चार जणांना येतं.

फाईल ऑनलाईन ठेवली तर सगळ्यांना मोबाईलवर बघता येते, पण बदलण्याचा अधिकार दोघांनाच द्या, बाकीच्यांना फक्त पाहण्याचा. रेंज नसलेल्या गावांत ऑफिसच्या संगणकावर मूळ फाईल आणि पेन ड्राइव्हवर एक प्रत एवढं पुरे. बदल झाला की नवा तक्ता छापून त्यावर ‘या तारखेपासून लागू’ असं लिहून जुना कागद भिंतीवरून काढून टाका, कारण दोन्ही कागद शेजारी शेजारी राहिले की पोरं आपल्याला सोयीचा तोच वाचतात.